नकाशावरचं जहाज स्वतःबद्दल काय सांगतं?

मोबाइलवर मरीनट्रॅफिक किंवा व्हेसलफाइंडर हे जहाजं दाखवणारे नकाशे उघडले की मुंबईसमोरचा समुद्र रंगीत बाणांनी भरून जातो. एखाद्या बाणावर बोट ठेवलं की जहाजाचं नाव, झेंडा, वेग, पुढचं बंदर असं सगळं समोर येतं. वरून कुणीतरी समुद्राचे फोटो काढत असावं, असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात यातली जवळजवळ प्रत्येक गोष्ट जहाज स्वतःच रेडिओवरून सांगत असतं.

या यंत्रणेचं नाव एआयएस, म्हणजे स्वयंचलित ओळख प्रणाली. धुक्यात किंवा रात्री जहाजांनी एकमेकांवर आदळू नये, हा तिचा मूळ हेतू. आंतरराष्ट्रीय प्रवास करणाऱ्या 300 ग्रॉस टनेज (जहाजाच्या आकारमानाचं माप) आणि त्यावरच्या जहाजांना आणि सर्व आकारांच्या प्रवासी जहाजांना ती सक्तीची आहे. 2004 अखेरपर्यंत ती बसवून झाली पाहिजे असं ठरलं होतं. संदेश कूटबद्ध नसतात, त्यामुळे साधा रिसीव्हर आणि गच्चीवर अँटेना असली की कुणीही ते ऐकू शकतं. जगभरच्या हौशी लोकांनी असे रिसीव्हर लावून इंटरनेटला जोडले आणि त्यातूनच हे नकाशे उभे राहिले.

मला सगळ्यात थक्क करणारी वाटते ती या संदेशांची शिस्त. 161.975 आणि 162.025 मेगाहर्ट्झ अशा दोनच वाहिन्या आहेत. प्रत्येक वाहिनीवर मिनिटाचे 2250 तुकडे पाडलेले असतात, म्हणजे एक तुकडा सुमारे 27 मिलिसेकंदांचा. जहाज आपल्या तुकड्यात बोलतं आणि त्याच संदेशात आपण पुढे कुठल्या तुकड्यात बोलणार तेही सांगून ठेवतं. आजूबाजूची जहाजं तो तुकडा मोकळा सोडतात. मध्ये नियंत्रण कक्ष नाही, कुणी वाटप करणारा नाही. नांगर टाकलेलं जहाज तीन मिनिटांनी एकदा बोलतं, 14 नॉटपर्यंतच्या (एक नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल) वेगाने चालणारं दर दहा सेकंदांनी आणि 23 नॉटच्या वर धावणारं दर दोन सेकंदांनी.

पण या संदेशातली सगळी माहिती सारख्या भरवशाची नसते. जागा आणि वेग जीपीएसवरून आपोआप येतो. 'नांगरावर' की 'चालू' हे, पुढचं बंदर आणि तिथे पोहोचायची वेळ मात्र जहाजावरचा अधिकारी हाताने भरतो. बंदर सोडल्यावरही कित्येक तास 'नांगरावर' असंच दिसणारी जहाजं सापडतात, ती त्यामुळेच. तांबड्या समुद्रात येमेनच्या हुथी बंडखोरांचे हल्ले सुरू झाले तेव्हा, चिनी समजून आपल्याला सोडतील या आशेने, काही जहाजांनी बंदराच्या रकान्यात 'सर्व खलाशी चिनी' असं लिहून स्वतःचा बचाव करू पाहिला. आणि जागाही खोटी भासवता येते. जून 2021 मध्ये एक ब्रिटिश आणि एक डच युद्धनौका नकाशावर क्रिमियातल्या सेव्हास्तोपोल या रशियाच्या नौदल तळाजवळ दिसत होत्या, त्या वेळी प्रत्यक्षात त्या युक्रेनच्या ओडेसा बंदरात उभ्या होत्या.

एक पडताळणी मात्र घरबसल्या करता येते. प्रत्येक मोठ्या जहाजाला जन्मभराचा सात अंकी आयएमओ (आंतरराष्ट्रीय सागरी संघटना) क्रमांक असतो. नाव, मालक, झेंडा बदलला तरी तो बदलत नाही. मार्च 2021 मध्ये सुएझ कालव्यात आडवं अडकलेल्या एव्हर गिव्हनचा क्रमांक 9811000. पहिल्या सहा अंकांना क्रमाने 7, 6, 5, 4, 3, 2 ने गुणायचं: 63, 48, 5, 4, 0, 0. बेरीज 120. बेरजेचा शेवटचा अंक आणि क्रमांकाचा सातवा अंक एकच यायला हवा. इथे दोन्ही शून्य. हिशेब जुळला नाही, तर क्रमांक चुकलाय किंवा बनावट आहे.

न बोलणारं जहाज या नकाशावर नसतंच. 2011 च्या जूनअखेर ओमानजवळ खलाशांनी सोडून दिलेलं 'पवित' महिनाभर अरबी समुद्रात वाहत राहिलं आणि 31 जुलैला थेट जुहूच्या किनाऱ्याला लागलं, तेव्हा मुंबईला त्याचा पत्ता लागला. कोकण किनाऱ्यावरच्या असंख्य मच्छीमार होड्याही इथे दिसत नाहीत. पडद्यावरचा रिकामा समुद्र रिकामा समजू नये.

रत्नागिरी, रायगड, सिंधुदुर्गात मुलगा किंवा नवरा 'बोटीवर' असलेली कितीतरी घरं हा नकाशा रोज उघडतात. जहाज किनाऱ्यापासून दूर गेलं की बाण अचानक थिजतो आणि घरात काळजी सुरू होते. कारण साधं आहे: हे रेडिओ तरंग क्षितिजापलीकडे फारसे जात नाहीत, किनाऱ्यावरच्या अँटेनाला साधारण 40 सागरी मैलांपर्यंतच ऐकू येतं. खोल समुद्रातले संदेश उपग्रह टिपतात. नॉर्वेचा असा पहिला उपग्रह, 20 सेंटिमीटरच्या घनाएवढा एआयएससॅट-1, 12 जुलै 2010 रोजी श्रीहरिकोट्यातून आपल्याच पीएसएलव्ही रॉकेटने नेला होता. पण उपग्रहाला एकाच वेळी हजारो जहाजं ऐकू येतात. एकमेकांपासून शेकडो मैल दूर असलेल्या जहाजांनी तुकडे आपसात वाटून घेतलेले नसतात, त्यामुळे संदेश एकमेकांवर आदळतात आणि काही हरवतात. शिवाय ही माहिती बहुतेक ठिकाणी पैसे भरल्यावरच मिळते.

म्हणून बाण थिजला तर आधी शेवटचा संदेश कधी आला ती वेळ बघा, मग त्या वेळचा वेग आणि दिशा. 15 नॉटने चाललेलं जहाज दिवसाला 360 सागरी मैल कापतं. वाटेतला पुढचा किनारा किती मैलांवर आहे ते नकाशावर मोजलं की बाण साधारण कुठल्या दिवशी पुन्हा हलेल याचा अंदाज येतो. हवामानाने वेग कमी झाला असेल, म्हणून त्यात आणखी एक-दोन दिवस धरा.