कोकण बोटीची कंपनी गेली कुठे?

अलिबागजवळच्या मांडव्याची रो-रो, म्हणजे गाड्याही नेणारी बोट, २०२० साली सुरू झाली, तेव्हा भाऊच्या धक्क्यावरून बोटीने जाणं ही नवलाई वाटली. खरं तर याच किनाऱ्यावर एकेकाळी आगबोटींचं राज्य होतं.

इंग्रजांच्या काळात किलिक निक्सन या गोऱ्या पेढीच्या कारभाराखालच्या बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन कंपनीने कोकणपट्टी बोटींनी जोडून घेतली. हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला. गिरणीतल्या चाकरमान्याला गावी जायचं तर बोटच. पुढे स्वदेशीच्या वाऱ्यात देशी कंपनी उभी राहिली. लोक तिला आपुलकीने ‘माझी आगबोट कंपनी’ म्हणत. तिच्या बोटींना नावं संतांची, तुकाराम, रामदास.

१७ जुलै १९४७ ला, ऐन गटारी अमावास्येला, सकाळी ‘रामदास’ भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली आणि काश्याच्या खडकाजवळ उलटली. सहाशेहून अधिक माणसं गेली. बोटीवर बिनतारी यंत्र नव्हतं. पोहत किनारा गाठलेल्यांनी सांगेपर्यंत मुंबईला पत्ताही नव्हता.

धंदा बुडाला तो मात्र या अपघाताने नव्हे, असं मला वाटतं. त्यानंतरही बोटी कित्येक वर्षं चालल्या. बॉम्बे स्टीम दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास सिंदिया या देशी जहाज कंपनीकडे गेली होती, साठच्या दशकात चौगुले कंपनीने हा मार्ग घेतला, सत्तरच्या दशकात मोगल लाइन या सरकारी जहाज कंपनीने. मालक बदलले, बंदरं तीच राहिली. बऱ्याच ठिकाणी बोटीला लागायला धक्काच नाही. ती खोल पाण्यात उभी राहायची, पडाव, म्हणजे छोटी होडी, बाजूला यायचा, आणि लाटेने पडाव वर उचलला की खलाशी म्हातारीला काखेत धरून वर ढकलायचा. मागून पेटारा, फणस, पोरं. रात्रभर बोट लागून अर्धमेली झालेली माणसं पुन्हा पडावात उतरायची. त्यातून पावसाळ्यात लांब पल्ल्याच्या बोटी बंद, म्हणजे वर्षातले तीन-चार महिने कमाई शून्य.

तिकडे खाड्यांवर पूल झाले आणि एसटी वाडीच्या तोंडाशी येऊ लागली. दारात उतरवणारी गाडी सोडून पडावात कोण चढेल? ऐंशीच्या दशकात कोकण बोट आटोपली. नव्वदीत दमानियांची गोव्याची कॅटमरान, म्हणजे जोड-सांगाड्याची वेगवान बोट, येऊन गेली. तिचं तिकीट चाकरमान्याच्या खिशाबाहेरचं. १९९८ ला कोकण रेल्वे पूर्ण धावू लागली आणि गणपतीची गर्दी रेल्वेच्या आरक्षणाच्या खिडकीवर जाऊन उभी राहिली.