कोंडलेली हवा

थर्माकोलचा तळहाताएवढा तुकडा घ्या आणि नेलपॉलिश काढायच्या ॲसिटोनमध्ये बुडवा. (खिडकी उघडी असू द्या आणि आसपास ज्योत नको.) तुकडा फसफसतो, बुडबुडे सोडत खाली बसतो आणि वाटीच्या तळाशी गोटीएवढा चिकट गोळा उरतो. प्लास्टिक होतं ते एवढंच. बाकीची होती हवा.

आपण ज्याला थर्माकोल म्हणतो, ते म्हणजे फुगवलेलं पॉलिस्टायरीन. न फुगवलेलं पॉलिस्टायरीनही आपण रोज हाताळतो, पण दोघांचं नातं चटकन लक्षात येत नाही. सीडीची पारदर्शक डबी, प्रयोगशाळेतली पेट्री डिश, एकदा वापरून फेकायचा कडक चमचा ही त्याचीच रूपं. टिचकी मारली तर छान टणक आवाज येतो, वाकवायला गेलं तर काडकन मोडतं.

हा स्वभाव रेणूच्या बांधणीतून येतो. पॉलिस्टायरीनच्या लांबलचक कार्बन साखळीत एक कार्बन सोडून दुसऱ्यावर सहा कार्बनचं एक जाडजूड कडं लटकलेलं असतं. ही कडी एकमेकांत अडकतात, त्यामुळे साखळ्यांना सरकायला वाव मिळत नाही. सुमारे 100 अंश सेल्सिअसपर्यंत पदार्थ काचेसारखा ताठ राहतो आणि त्यापुढे मऊ पडतो. ठिसूळपणा घालवायचा तर त्यात थोडं रबर मिसळतात. बऱ्याच फ्रिजच्या आतली पांढरी भिंत अशा मिश्रणाची असते.

या पदार्थाचा शोध मात्र चुकीच्या निष्कर्षातून लागला. 1839 मध्ये बर्लिनमधले औषधविक्रेते एडुआर्ड सिमोन यांनी स्टोरॅक्स नावाच्या सुगंधी डिंकाचं ऊर्ध्वपातन केलं. हाती आलेल्या तेलकट द्रवाला त्यांनी ‘स्टायरॉल’ म्हटलं. ठेवलेला द्रव पुढे घट्ट होऊन जेलीसारखा झाला, तेव्हा हवेतला ऑक्सिजन त्यात मिसळला असावा असं त्यांना वाटलं. 1845 मध्ये रसायनतज्ज्ञ ब्लाइथ आणि हॉफमन यांनी दाखवून दिलं की ऑक्सिजन नसतानाही हेच घडतं. म्हणजे बाहेरून काही येत नव्हतं, लहान रेणूच एकमेकांना जोडले जात होते. पण अशा जोडणीतून प्रचंड लांब साखळ्या तयार होतात, ही कल्पना जर्मन रसायनतज्ज्ञ हेरमान श्टाउडिंगर यांनी 1920 मध्ये मांडली तेव्हाही अनेक रसायनतज्ज्ञांना ती पटली नाही. 1953 मध्ये त्यांना नोबेल मिळालं. कारखान्यांनी मात्र तोवर वाट पाहिली नव्हती, 1930 च्या सुमारास जर्मनीत पॉलिस्टायरीनचं उत्पादन सुरू झालं होतं.

आता फुगवण्याकडे वळू. साखरेच्या दाण्यांसारख्या पॉलिस्टायरीनच्या मण्यांत पेंटेन हा चटकन उडून जाणारा द्रव मुरवतात. मग मण्यांना वाफ देतात. प्लास्टिक मऊ होतं, आतला पेंटेन वायू होऊन पसरतो आणि मणी लाह्यांसारखे फुलतात, चाळीस-पन्नास पट! हळूहळू पेंटेन निघून जातो आणि त्याची जागा हवा घेते. हे फुललेले मणी साच्यात भरून पुन्हा वाफ दिली की एकमेकांना चिकटतात. म्हणूनच थर्माकोल मोडला की गोल दाणे सुटतात, आणि तो वीज वाहून नेत नसल्याने घर्षणाचा विद्युतभार धरून ते दाणे बोटांना चिकटून बसतात. झटकले तरी जात नाहीत!

अशा ठोकळ्यात सुमारे 98 टक्के हवा असते. स्थिर हवेतून उष्णता फार सावकाश जाते. मोकळी हवा वाहते आणि उष्णता सोबत नेते, इथे ती बारीक बंद कप्प्यांत कोंडलेली असते. म्हणून थर्माकोलच्या पेल्यातलं पेय उकळतं असलं तरी बोटं भाजत नाहीत. धक्का बसला तर कप्पे दबतात आणि आतली नाजूक वस्तू वाचते. 1972 मध्ये नॉर्वेत ऑस्लोजवळ खचणाऱ्या मऊ जमिनीवरच्या रस्त्याच्या भरावात मातीऐवजी थर्माकोलचे ठोकळे घातले गेले. हलका भराव, म्हणून जमिनीवर भारही कमी.

आणि नेमकी हीच हवा पुढे आडवी येते. एक घनमीटर थर्माकोलचं वजन जेमतेम 15 ते 20 किलो. तीस घनमीटरचा ट्रक काठोकाठ भरला तरी माल भरतो अर्धा टन. पुनर्वापर शक्य असूनही तो गोळा करणं परवडत नाही, त्याचं हे साधं कारण. उघड्यावर पडलेला तुकडा वाऱ्याने उडतो, पाण्यावर तरंगतो, लाटांनी दाणे सुटे होतात आणि पक्षी-मासे ते अन्न समजून गिळतात. तो कुजत नाही. उन्हाने पिवळा पडतो, ठिसूळ होतो आणि आणखी बारीक होतो. उघड्यावर जाळला तर रेणूतल्या त्याच कार्बनच्या कड्यांमुळे दाट काळी काजळी निघते.

ज्या स्टायरीनपासून हे बनतं त्याला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 2018 मध्ये ‘बहुधा कर्करोगकारक’ गटात टाकलं. मुख्य चिंता कारखान्यात त्याची वाफ श्वासात घेणाऱ्या कामगारांची आहे. पेल्यातून अन्नात उतरणारं प्रमाण अत्यल्प असतं, मात्र गरम आणि तेलकट पदार्थांत ते वाढतं. माझ्या मते भिंतीत बसून अनेक वर्षं इंधन वाचवणारा थर्माकोल आणि दहा मिनिटांत कचऱ्यात जाणारा पेला यांना एकाच तराजूत तोलणं चूक आहे.

2015 मध्ये पिठातल्या अळ्या थर्माकोल खाऊन पचवतात, हे संशोधकांनी दाखवलं आणि बातमी जगभर गाजली. आकडे पाहा: शंभर अळ्या दिवसाला 34 ते 39 मिलिग्रॅम खातात. दोन ग्रॅमचा एक पेला संपवायला त्यांना जवळपास दोन महिने लागतील. अळ्यांपेक्षा त्यांच्या पोटातल्या जिवाणूंची विकरं कामाची ठरू शकतात.

तोवर खरी उपयोगाची आहेत ती थर्माकोल दाबून हवा बाहेर काढणारी आणि त्याच्या घट्ट विटा करणारी यंत्रं. या विटा वितळवून नव्या वस्तू करता येतात. किंवा ऑक्सिजनविना खूप तापवल्या तर साखळ्या सुटून पुन्हा स्टायरीन मिळतं. मोठ्या प्रमाणावर आज त्याचे प्रयत्न चालू आहेत. ब्लाइथ आणि हॉफमन यांनीही 1845 मध्ये तो घट्ट पदार्थ तापवला होता, आणि त्यातून सिमोन यांचा तेलकट द्रव परत आला होता.