नागालँड: पालिकेतल्या ३३ टक्क्यांचा वाद

२६ जून २०२४ रोजी नागालँडच्या शहरांत पालिकांसाठी मतदान झालं, तब्बल वीस वर्षांनी. आधीची निवडणूक २००४ची. मधल्या काळात घोडं अडलं ते महिलांच्या ३३ टक्के जागांपाशी.

सुरुवात १९६०ची. नागा पीपल्स कन्व्हेन्शन आणि केंद्र सरकार यांच्यात सोळा कलमी करार झाला. त्यातून घटनेत कलम ३७१(अ) आलं आणि १९६३ मध्ये नागालँड राज्य झालं. नागांच्या धार्मिक-सामाजिक चालीरीती, रूढीचा कायदा आणि जमिनीची मालकी या बाबतींत संसदेचा कायदा तिथे आपोआप लागू होत नाही; विधानसभेचा ठराव लागतो. पुढे पंचायतींत महिलांना एक तृतीयांश जागा देणाऱ्या ७३व्या घटनादुरुस्तीतून नागालँडला वगळलं गेलं, पण नगरपालिकांत तेच करणाऱ्या ७४व्या दुरुस्तीत तशी सूट नव्हती. गाव सुटलं, शहर अडकलं. गोम आहे ती इथे.

२००६ मध्ये राज्याने स्वतःच पालिका कायद्यात आरक्षण घातलं आणि निवडणूक मात्र घेतली नाही. जमातींच्या शिखर संघटनांचं, म्हणजे होहोंचं, म्हणणं असं की निर्णयाच्या बैठकीत बायका बसणं रूढीत नाही. २०११ मध्ये नागा मदर्स असोसिएशनच्या रोझमेरी झुविचू आणि आबेयू मेरू हायकोर्टात गेल्या. पालिका ही रूढीतली संस्थाच नव्हे, मग रूढी आडवी येते कशी, हा त्यांचा सवाल. मला तो बिनतोड वाटतो. शिवाय गाव विकास मंडळांत महिलांना एक चतुर्थांश जागा आधीपासून आहेत. भूमिगत सशस्त्र नागा गटांमधला रक्तपात थांबवायला याच नागा मदर्सच्या बायका पुढे झाल्या होत्या. तेव्हा रूढी कुणाला आठवली नाही.

हायकोर्टाचा निकाल या दोघींच्या बाजूने लागला, मग स्थगिती आली, मग विधानसभेचा विरोधी ठराव, मग सुप्रीम कोर्ट. ठराव मागे घेऊन १ फेब्रुवारी २०१७ची तारीख ठरली, तर आदल्या दिवशी दिमापूरमध्ये आरक्षणविरोधी आंदोलनातल्या गोळीबारात दोन तरुण गेले. दोन दिवसांनी कोहिमात पालिकेची कचेरी जाळली. मुख्यमंत्री टी. आर. झेलियांग यांना खुर्ची सोडावी लागली.

मार्च २०२३ मध्ये विधानसभेने पालिका कायदाच रद्द केला आणि ठरलेली निवडणूकही रद्द झाली. त्याच महिन्यात राज्याच्या पहिल्या दोन महिला आमदार निवडून आल्या होत्या! सुप्रीम कोर्टाने निवडणूक रद्द करण्याला स्थगिती दिली, तेव्हा नोव्हेंबरात नवा कायदा आला. त्यात ३३ टक्के राहिले. अध्यक्षपदाचं आरक्षण आणि जमीन-इमारतींवरचा कर मात्र वगळला. पूर्व नागालँडने वेगळ्या प्रदेशाच्या मागणीसाठी या निवडणुकीकडे पाठ फिरवली, त्यामुळे तिथल्या नगर परिषदा रिकाम्याच राहिल्या.