जुना सिनेमा लख्ख, लग्नाची कॅसेट धूसर

मे महिन्यात जळगावात दुपारी बाहेर पडायची सोय नसते. पारा 44-45 वर. अशाच एका दुपारी खिडक्या लावून, कूलर सोडून मी सत्यजित राय यांच्या 'पथेर पांचाली'ची परदेशातून मागवलेली ब्ल्यू-रे डिस्क लावली होती. शिरपूरहून आलेले मामा बाजूला टेकून बघत होते. थोड्या वेळाने म्हणाले, "भाचा, हाऊ पिच्चर नवा शे का जुना?"

1955चा, म्हटल्यावर त्यांना पटेना. त्यांच्या स्वतःच्या लग्नाची कॅसेट 1991ची. तिच्यात तर वरातीतला घोडा आणि मोठे काका यांत फरक करताना अडचण होते.

मामांची शंका रास्त आहे. उत्तर दडलंय ते चित्र मुळात कशावर उतरवलं यात.

फिल्म म्हणजे जिलेटिनच्या थरात पसरलेले चांदीच्या क्षारांचे बारीक कण. उजेड पडला की त्यांच्यात बदल होतो आणि रसायनात धुतल्यावर तिथे काळी चांदी उरते. 35 मिलिमीटरच्या चांगल्या निगेटिव्हच्या एका चौकटीत आडवे सुमारे 4,000 ठिपके भरतील इतका तपशील असतो. थिएटरात मात्र ही निगेटिव्ह कधीच येत नसे. तिच्यावरून पॉझिटिव्ह, त्यावरून पुन्हा निगेटिव्ह, मग प्रिंट, आणि ती प्रिंट गावोगाव फिरून ओरखडलेली. चोपड्या-अमळनेरच्या प्रेक्षकांनी पडद्यावर पाहिलं त्याहून कितीतरी जास्त चित्र डब्यात नुसतं पडून होतं. आता थेट निगेटिव्ह स्कॅन होते, म्हणून जुना सिनेमा आजोबांनी पाहिला त्यापेक्षा आपल्याला चांगला दिसतो.

'पथेर पांचाली'च्या नशिबी तर आग आली. 1993 मध्ये लंडनच्या एका लॅबमध्ये हा आणि अपू याच नायकाचे पुढचे दोन, अशा तिन्ही चित्रपटांच्या निगेटिव्ह भाजून निघाल्या. कडा वितळलेल्या, फिल्म पापडासारखी ठिसूळ. पुढे इटलीतल्या बोलोन्याच्या तंत्रज्ञांनी ती फिल्म ओलावा देऊन पुन्हा लवचीक केली, कडेची भोकं हाताने सांधली. एवढं करून 'पथेर पांचाली'ची सुमारे 40 टक्के निगेटिव्ह वापरण्याजोगी निघाली. उरलेला भाग इतर ठिकाणी जपलेल्या नकलांमधून घेतला. 2015 मध्ये आलेली नवी आवृत्ती ती ही. मामा ज्याला नवा समजले, तो जळून वाचलेला होता.

कॅसेटची गोष्ट वेगळी. घरोघरच्या व्हिडिओ कॅसेटची, म्हणजे व्हीएचएसची, टेप अर्ध्या इंचाची. आपल्याकडच्या टीव्हीच्या चित्रात 576 ओळी, पण या टेपवर एका ओळीत आडवा तपशील जेमतेम 240 रेघांइतका मावतो. रंगाची माहिती तर वेगळी काढून, खालच्या वारंवारितेवर उतरवून उरलेल्या जागेत कोंबलेली. ती आणखीच भरड. म्हणून मामींच्या शालूचा लाल रंग पदराबाहेर सांडतो आणि शेजारच्या समईलाही लागतो. व्हीसीआर भाड्याने आणून रात्रभर तीन पिक्चर बघण्याच्या दिवसांत हे कुणाला खटकलं नाही, कारण टीव्हीच 20-21 इंचाचा.

मालिकांचंही तसंच. 'स्टार ट्रेक : द नेक्स्ट जनरेशन' ही अमेरिकन मालिका 1987 ते 1994 या काळात 35 मिलिमीटर फिल्मवर चित्रित झाली, पण संकलन झालं व्हिडिओ टेपवर. 2012 पासून ब्ल्यू-रे काढताना निगेटिव्ह शोधून, एकेक शॉट स्कॅन करून सातही पर्व नव्याने जुळवावी लागली. जी मालिका मुळातच टेपवर चित्रित झाली, तिला ही वाट बंद. मग संगणकाने चित्र 'वाढवतात', म्हणजे नसलेला तपशील अंदाजाने भरतात. चेहरे मेणाचे दिसू लागतात. मला ते बघवत नाही. त्यापेक्षा धूसर बरं. डिस्कच्या नव्या पेटीवर '4के' (म्हणजे आडवे सुमारे 4,000 ठिपके) कितीही मोठ्या अक्षरांत छापलेलं असो, मी आधी स्कॅन कशावरून केलंय ते शोधतो.

त्यातून आपल्याकडचं हवामान. चुंबकीय कण टेपला चिकटवून ठेवणारा थर ओलाव्याने चिकट होतो आणि सुटू लागतो. पावसाळ्यात बुरशी येते ती वेगळीच. ॲसिटेटच्या फिल्मला तर उष्णतेने व्हिनेगरचा वास सुटतो, आणि सुटलेलं आम्लच पुढची झीज वाढवतं. धाब्याच्या घरात थोडा तरी गारवा असे. पत्र्याखालच्या कपाटात आमच्याकडच्या कॅसेटींनी तीसेक उन्हाळे काढलेत.

त्यात व्हीसीआरही आता मिळत नाहीत. शेवटच्या कंपनीने 2016 मध्ये ते बनवणं थांबवलं. मामांची कॅसेट एका जुन्या दुकानदाराने हेड साफ करून, दोनदा अडकल्यावर, कशीबशी चालवली आणि पेन ड्राइव्हमध्ये उतरवून दिली. मोठ्या टीव्हीवर लावली तर घोडा ओळखू आला.

मामी मात्र नाराज. म्हणाल्या, शालू लाल नव्हताच मुळी, डाळिंबी होता.