संत्र्यावरची सायला आणि आतड्यातले जिवाणू

आंबिया बहाराच्या सुमारास नागपूर जिल्ह्यातल्या काटोल-नरखेडकडच्या संत्राबागांत नवती फुटते आणि त्या कोवळ्या पोपटी पानांवर सिट्रस सायला येऊन बसते. जेमतेम तीन-चार मिलिमीटरची तपकिरी कीड. डोकं पानाला टेकलेलं, मागचा भाग वर उचललेला. तिची पिल्लं पिवळसर, चपटी असतात आणि त्यांच्या अंगातून मेणासारखे पांढरे धागे बाहेर पडतात. सायला रस शोषते, नवती वाळते, पानं गळतात, हे बागायतदाराला सांगायला नको. पण ही कीड एकटी नाही. तिच्या पोटात जिवाणूंची पिढ्यान्‌पिढ्यांची वस्ती आहे आणि त्या वस्तीवाचून ती जगूच शकत नाही.

हे जिवाणू तिला लागतात ते तिच्या आहारामुळे. झाडाच्या रसात साखर भरपूर, पण प्रथिनं बनवायला लागणारी काही अमिनो आम्लं जवळजवळ नसतातच. ही आम्लं प्राण्यांना स्वतः तयार करता येत नाहीत. ना किडीला, ना आपल्याला. आपण ती वरण-भातातून, दुधातून मिळवतो. आयुष्यभर नुसता रस पिणाऱ्या सायलाने ती आणायची कुठून? तिच्यासाठी ती आम्लं जिवाणू तयार करतात.

सायलाचं पोट उघडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर दोन बाजूंना पसरलेला एक पिवळा अवयव दिसतो. या अवयवाचं काम एकच, जिवाणूंना जागा देणं. त्याच्या बाहेरच्या बाजूच्या पेशींमध्ये कार्सोनेला नावाचा जिवाणू राहतो, आतल्या भागात प्रोफ्टेला. दोघेही आईच्या अंड्यातून पुढच्या पिढीत जातात. बाहेरच्या हवेत, मातीत ते सापडत नाहीत. किडीच्या पेशीबाहेर त्यांना जगताच येत नाही.

कार्सोनेलाची गोष्ट थक्क करणारी आहे. २००६ मध्ये अत्सुशी नाकाबाची आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या दुसऱ्या एका सायलातल्या कार्सोनेलाचा संपूर्ण जनुकसंच वाचला. तो डीएनएच्या जेमतेम १ लाख ६० हजार अक्षरांचा निघाला. आपल्या आतड्यातल्या ई. कोलाय या साध्या जिवाणूचा जनुकसंच सुमारे ४६ लाख अक्षरांचा असतो, म्हणजे कार्सोनेलाकडे त्याचा पंचविसावा हिस्साही नव्हता. खानावळ लावल्यावर माणूस हळूहळू खोलीतली भांडीकुंडी काढून टाकतो, तसं या जिवाणूने केलं. किडीच्या पेशीत सगळं आयतं मिळतंय म्हटल्यावर त्याची जनुकं कोट्यवधी वर्षांत एकेक करून गळून गेली. ज्यांच्यामुळे किडीला अमिनो आम्लं मिळतात, त्यांतली बरीच मात्र टिकली. ती गेली असती तर कीडही गेली असती.

प्रोफ्टेलाचं काम वेगळं आहे. तो डायफोरिन नावाचं विष बनवतो आणि हे विष सायलाला शत्रूंपासून वाचवत असावं असं संशोधकांना वाटतं. पावसाळ्यात ट्यूबलाइटभोवती एक लांबट, लाल-काळा किडा येतो. तो मानेवर चिरडला गेला की दुसऱ्या दिवशी भाजल्यासारखा पट्टा आणि फोड उठतात. त्या किड्याचं विष डायफोरिनच्याच जातकुळीतलं आहे आणि तेही किडा स्वतः बनवत नाही. त्याच्या शरीरातले जिवाणू बनवतात. संत्र्याच्या पानावरची कीड आणि आपल्या मानेवरचा फोड, दोन्हींच्या मागे एकाच प्रकारचं जिवाणूंचं रसायन!

सायलामुळे होणारा सगळ्यात मोठा घात मात्र आणखी एक जिवाणू करतो. लिबेरीबॅक्टर त्याचं नाव. सायला रस शोषताना तो एका झाडावरून दुसऱ्यावर नेते. झाडाच्या रसवाहिन्यांत तो ठाण मांडतो आणि ग्रीनिंग हा रोग होतो. या रोगावर आजही खात्रीचा उपाय नाही. अमेरिकेतल्या फ्लोरिडात तो २००५ मध्ये आढळला. तिथे २००३-०४ च्या हंगामात संत्र्याच्या सुमारे २४ कोटी पेट्या निघत होत्या, २०२२-२३ मध्ये त्या १.६ कोटींवर आल्या. वादळांनीही नुकसान केलं, पण बागा पोखरल्या त्या ग्रीनिंगनेच. नागपुरातली केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था रोगमुक्त कलमांवर एवढा भर देते, त्याचं कारण हेच. झाडात एकदा शिरलेला हा जिवाणू पुन्हा बाहेर काढता येत नाही.

सगळ्याच किडी जिवाणूंशी इतक्या जखडलेल्या नसतात. सोयाबीनच्या शेंगा शोषणारा एक ढेकूण आहे. त्याचं पिल्लू अंड्यातून बाहेर पडतं तेव्हा त्याच्या पोटात सोबती जिवाणू नसतो. दर पिढीत ते तो नव्याने मातीतून मिळवतं. जपानमधले संशोधक योशितोमो किकुची आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये या ढेकणाबद्दल जे दाखवलं, ते सोयाबीन पिकवणाऱ्या प्रत्येकाने वाचावं असं आहे. फेनिट्रोथिऑन हे कीटकनाशक एकाच मातीत पुन्हा पुन्हा पडलं, की ते औषध खाऊन पचवणारे जिवाणू त्या मातीत वाढतात. ढेकणाच्या पिल्लाने नेमका तसा जिवाणू उचलला, तर औषधाची पुष्कळशी मात्रा ढेकणाच्या पोटातच निष्प्रभ होते. किडीची स्वतःची जनुकं अजिबात न बदलता, एका पिढीत, तिला औषध लागू पडेनासं होतं.

आपल्याकडे औषध लागू पडलं नाही की मात्रा वाढते, मग दोन औषधं एकत्र कालवली जातात. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले, ते आपण विसरता कामा नये. तिथल्या कारणांचा या जिवाणूंशी संबंध जोडायचा नाही. पण औषध का चाललं नाही हा प्रश्न मातीपर्यंत नेऊन विचारायला हवा, असं मला तळमळीने वाटतं. नुसती मात्रा वाढवत गेलं तर मातीत त्याच जिवाणूंची आणखी पैदास होईल, आणि ते विष अंगावर घेणारा माणूस फवारणी करणाराच असेल.

माणसाच्या पोटातही हेच घडतं. हृदयाच्या काही आजारांत डिगॉक्सिन देतात. ठरलेली मात्रा देऊनही काही रुग्णांच्या रक्तात हे औषध पुरेसं का उतरत नाही, हे १९८१ मध्ये उलगडलं. सुमारे दहातल्या एका रुग्णाच्या आतड्यातले जिवाणू त्याचा मोठा भाग निकामी करत होते. हे काम करणारा जिवाणू म्हणजे एगर्थेला लेंटा.

आपलं आणि या जिवाणूंचं नातं सायलाइतकं घट्ट नाही आणि त्या ढेकणाइतकं सैलही नाही. बाळ जन्मताना आणि नंतर आईकडून, घरातून, अन्नातून जिवाणू घेतं. आईच्या दुधात अशा काही शर्करा असतात ज्या बाळाला पचवताच येत नाहीत. त्या बिफिडोबॅक्टेरियम जातीच्या जिवाणूंसाठी असतात. आई बाळाच्या सोबत्यांनाही दूध पाजते, असं म्हटलं तर ते अगदी शब्दशः खरं आहे.

पोटात माणसाच्या पेशींच्या दसपट जिवाणू असतात, हे वाक्य अजूनही सर्रास ऐकू येतं. इस्राएलच्या वाइझमन संस्थेतल्या रॉन मिलो यांच्या गटाने २०१६ मध्ये नीट हिशेब मांडला. ७० किलोच्या माणसात सुमारे ३८ लाख कोटी जिवाणू आणि ३० लाख कोटी स्वतःच्या पेशी. जवळपास बरोबरीच! आणि या सगळ्या जिवाणूंचं वजन भरतं २०० ग्रॅमच्या आसपास.

एवढ्याशा वजनाचं काम मात्र मोठं आहे. तूर, हरभरा, वाटाणा यांत रॅफिनोज गटातल्या शर्करा असतात. त्या मोडायचं विकर आपल्याकडे नाही. लहान आतड्यातून त्या तशाच पुढे सरकतात आणि मोठ्या आतड्यात जिवाणू त्यांच्यावर तुटून पडतात. उसळ खाल्ल्यावर पोट फुगतं ते त्यातून निघणाऱ्या वायूने. पण धान्य-कडधान्यांच्या तंतूंवर हेच जिवाणू ब्युटिरेट नावाचं आम्लही तयार करतात आणि मोठ्या आतड्याच्या अस्तराच्या पेशी बहुतांश त्याच इंधनावर चालतात. ज्वारीची भाकर आणि वरण हे जिवाणूंचं जेवण आहे, हे डबाबंद प्रोबायोटिक पेयांच्या जाहिरातींत कुणी सांगत नाही. बाहेरून आणलेला जिवाणू आतड्यात टिकेलच याची खात्री नसते. जे आधीच आत आहेत त्यांना खायला घालणं हाच जास्त भरवशाचा मार्ग.

नातं सैल असल्यामुळे ही वस्ती उठवलीही जाऊ शकते. प्रतिजैविकांच्या माऱ्यानंतर क्लॉस्ट्रिडिऑइड्स डिफिसिल नावाचा जिवाणू रिकाम्या जागेत माजतो आणि जुलाब थांबता थांबत नाहीत. २०१३ मध्ये ॲमस्टरडॅममधल्या डॉक्टरांनी अशा रुग्णांच्या आतड्यात निरोगी माणसाच्या विष्ठेतले जिवाणू सोडले. १६ पैकी १३ रुग्ण पहिल्याच खेपेत बरे झाले. नेहमीचं प्रतिजैविक घेणारे १३ पैकी ४ बरे झाले. फरक इतका स्पष्ट होता, की चाचणी मुदतीआधीच थांबवली गेली. सर्दी-तापावर औषधांच्या दुकानातून परस्पर अँटिबायोटिकच्या गोळ्या आणणाऱ्या प्रत्येकाला हे आकडे कुणीतरी दाखवायला हवेत.

घट्ट नात्याचा उपयोग मात्र उपचारासाठी होऊ शकतो आणि तो आपल्या जिल्ह्याच्या जिव्हाळ्याचा आहे. विदर्भात हत्तीरोग आजही आहे. त्यावर तीन औषधं एकत्र देण्याची मोहीम देशात ज्या मोजक्या जिल्ह्यांत आधी सुरू झाली, त्यात नागपूर होतं. हा रोग ज्या सुतासारख्या जंतांमुळे होतो, त्यांच्या पेशींत वोल्बाकिया नावाचा जिवाणू असतो. जंत त्याच्यावर इतका अवलंबून आहे, की डॉक्सिसायक्लिन या जुन्या, स्वस्त प्रतिजैविकाने वोल्बाकिया मेला तर मादी जंत वांझ होते आणि प्रौढ जंतही हळूहळू मरतात. घाव जिवाणूवर घालायचा आणि मरतो जंत!

हे औषध चार ते सहा आठवडे रोज घ्यावं लागतं, गरोदर बायकांना आणि लहान मुलांना देता येत नाही. म्हणून गावोगाव सरसकट वाटण्याच्या मोहिमेत ते बसत नाही. ज्याच्या पायाला सूज आहे, त्याला डॉक्टरांच्या देखरेखीखाली देता येतं. वोल्बाकियाला थोड्या दिवसांत मारणाऱ्या औषधांचा शोध जगात सुरू आहे.

या जंताला एका माणसाकडून दुसऱ्याकडे नेणाऱ्या, गटारात वाढणाऱ्या क्युलेक्स डासातही वोल्बाकिया असतो; मुळात १९२४ मध्ये तो पहिल्यांदा सापडला तो क्युलेक्समध्येच. दोन वेगळ्या भागांतल्या क्युलेक्सांच्या वोल्बाकियाचं जमत नसेल, तर नर-मादीच्या संबंधातून आलेली अंडी फुटतच नाहीत. १९६७ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ लावेन यांनी रंगूनजवळच्या ओक्पो गावात परके नर सोडून तिथले क्युलेक्स संपवून दाखवले. हे एका जिवाणूमुळे घडतं, हे त्यांनाही तेव्हा माहीत नव्हतं. ते कळलं १९७१ मध्ये. डेंगीच्या एडिस इजिप्ती डासात वोल्बाकिया मुळात नसतो. तो प्रयोगशाळेत घातला, की डेंगीचा विषाणू त्या डासात नीट वाढत नाही. इंडोनेशियातल्या योग्यकर्ता शहरात असे डास सोडले, तिथे डेंगीचे रुग्ण ७७ टक्क्यांनी घटले. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) पुदुच्चेरीतल्या केंद्रातही वोल्बाकिया असलेले एडिस तयार झाले आहेत.