कट्ट्यावरची पोरं आणि ‘संस्कार’

“केस रंगवतात, घोळक्यानं उभी राहतात, घरचे संस्कार कमी पडले.” बेळगावात वडगाव-शहापूरच्या गल्ल्यांत कामगारांच्या पोरांबद्दल हे वाक्य मी लहानपणापासून ऐकतोय. ते चूक आहे.

उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या फाउंड्रीतून, म्हणजे धातू ओतायच्या कारखान्यातून, पाळी संपवून आलेला मुलगा बघा. नखांत काळी वाळू, अंगाला तेलाचा वास. अंघोळ करून, केस बसवून, इस्त्रीचा शर्ट घालून तो गल्लीच्या तोंडाशी येतो. दिवसभर हुकूम ऐकलेल्याला इथं नावानं हाक मिळते.

समाजशास्त्रज्ञ अल्बर्ट कोहेन यांनी 1955 मध्ये अमेरिकेतल्या मुलांबद्दल हेच मांडलं: शाळा मध्यमवर्गाच्या मापानं मोजते, त्यात कमी ठरलेली पोरं गटात स्वतःचा मान उभा करतात. पूर्व लंडनमध्ये जुन्या वस्त्या आणि कामं मोडली, तेव्हा तुटलेला शेजार तरुणांनी पेहरावातून, घोळक्यातून जोडू पाहिला, असं ब्रिटिश अभ्यासक फिल कोहेन यांनी 1972 मध्ये लिहिलं. ब्रिटिश अभ्यासक पॉल विलिस यांचा 1977 चा निष्कर्ष मला सर्वांत जास्त लागतो: शाळेला धुडकावणारी कामगारांची पोरं त्या बंडातूनच बापाच्या कामावर पोचतात.

मारामारी झाली तर ती मारामारीच. तिला सूट नाही. पण 1964 मध्ये इंग्लंडच्या क्लॅक्टनमध्ये पोरांनी केलेली मोडतोड थोडी होती, बातम्या प्रचंड. समाजशास्त्रज्ञ स्टॅनली कोहेन यांनी ते दाखवून दिलं. आपल्या गल्लीतल्या त्या मुलाला उद्या सकाळी पुन्हा भट्टीवर जायचं आहे.