शनीच्या रिंगमध्ये सांडलेला समुद्र

शनीची रिंग म्हटलं की डोळ्यासमोर येतात त्या टेलिस्कोपमधून दिसणाऱ्या चकचकीत रिंग. माझा जीव मात्र त्यांच्या बऱ्याच बाहेर असलेल्या ई-रिंगमध्ये अडकलाय. ती इतकी विरळ आहे की पहिल्यांदा सापडली ती १९६६ सालच्या फोटोंमध्ये, तेव्हा रिंग आपल्याला कडेने दिसत होत्या म्हणून. तिच्यातले कण बर्फाचे आणि मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढे, एवढे बारीक कण फार काळ टिकूच शकत नाहीत. मग रिंग अजून दिसतेय कशी? म्हणजे कुठून तरी नवा बर्फ सतत येत असणार.

संशय होता एन्सेलाडसवर. शनीचा हा चंद्र विल्यम हर्शेलने १७८९ मध्येच शोधलेला, पण जेमतेम ५०० किलोमीटर व्यासाचा, म्हणजे आपल्या चंद्राच्या सातव्या हिश्शाएवढा. इतकी छोटी वस्तू आतून केव्हाच थंड होऊन गोठलेली असणार असंच कुणालाही वाटेल. फक्त तो नेमका ई-रिंगच्या सगळ्यात दाट भागातून फिरतो, आणि १९८१ मध्ये व्हॉयेजर २ यानाने काढलेल्या फोटोत त्याचे काही भाग एकदम गुळगुळीत दिसले होते, खड्डेच नाहीत, म्हणजे जमीन नवीन आहे.

खरं उत्तर दिलं तेव्हा शनीभोवती फिरत असलेल्या कॅसिनी यानाने, आणि ते आधी कॅमेऱ्यातून आलं नाही! २००५ च्या सुरुवातीला यान जवळून गेलं तेव्हा मॅग्नेटोमीटरला, म्हणजे चुंबकीय क्षेत्र मोजणाऱ्या यंत्राला, दिसलं की शनीचं चुंबकीय क्षेत्र एन्सेलाडसपाशी वाकतंय, जणू त्याच्याभोवती काहीतरी वायू आहे. हे यंत्र सांभाळणाऱ्या मिशेल डॉगर्टी यांच्या टीमने आग्रह धरला की अजून जवळून जाऊया, मग जुलैमध्ये यान साधारण १७० किलोमीटरवरून गेलं आणि दक्षिण ध्रुवावर चार लांबलचक भेगा दिसल्या, प्रत्येक सुमारे १३० किलोमीटरची, आणि आजूबाजूच्या उणे २०० डिग्रीच्या बर्फापेक्षा त्या चक्क गरम. त्यांना टायगर स्ट्राइप्स म्हणतात. नोव्हेंबरमध्ये मागून सूर्यप्रकाश घेऊन फोटो काढले तर त्या भेगांतून कारंजी उडताना दिसली. वाफ आणि बर्फाचे कण, दर सेकंदाला शेकडो किलो. बराचसा बर्फ परत खाली पडतो, म्हणूनच एन्सेलाडस एवढा पांढराशुभ्र आहे, आणि जो निसटतो त्याचीच ई-रिंग होते.

ही उष्णता येते कुठून? एन्सेलाडस शनीभोवती ३३ तासांत एक फेरी मारतो, तेवढ्या वेळात त्याच्या बाहेरच्या डायोनी या चंद्राची अर्धी फेरी होते. त्यामुळे दोघांची ओढाताण पुन्हापुन्हा त्याच जागी होते आणि एन्सेलाडसची कक्षा कधी पूर्ण गोल होतच नाही. शनीपासून जवळ-लांब होताना तो प्रत्येक फेरीत थोडा दाबला जातो, थोडा सुटतो, आणि पीठ मळताना जसं होतं तसं आतून घासून गरम होतो. शनीपासून सगळ्यात लांब असताना तर कारंजी जास्त उजळ होतात.

बरं, बर्फाखाली नुसतं डबकं आहे की समुद्र? एन्सेलाडस फिरताना किंचित डुलतो, आणि ते डुलणं मोजल्यावर कळलं की बर्फाचं कवच आतल्या खडकाला चिकटलेलं नाहीच, मध्ये सगळीकडे पाणी आहे. ऑक्टोबर २०१५ मध्ये यान फक्त ४९ किलोमीटरवरून कारंज्यातून गेलं आणि हायड्रोजन सापडला. समुद्राच्या तळाशी गरम पाणी खडकाला भिडतं तेव्हा असा हायड्रोजन तयार होतो, आणि पृथ्वीवर खोल समुद्रात काही सूक्ष्मजीव त्याच्यावरच जगतात. तिथे जीव सापडलेत असं कुणीही म्हणत नाहीये, पण त्यांना लागणारं जेवण तरी तिथे आहे.

इंधन संपत आलं तेव्हा १५ सप्टेंबर २०१७ ला कॅसिनी मुद्दाम शनीच्या वातावरणात सोडून जाळलं, चुकून एन्सेलाडसवर आदळून पृथ्वीवरचे जंतू तिथे जाऊ नयेत म्हणून. यान गेलं तरी डेटा होता. त्याच्यावरच्या धूळ तपासणाऱ्या यंत्राने ई-रिंगमधले कण टिपून ठेवलेले, त्यात सोडियमचं मीठ आहे हे २००९ मध्येच कळलं होतं, आणि २०२३ मध्ये फ्रँक पोस्टबर्ग यांच्या टीमने त्यातल्या ३४५ कणांचा डेटा पुन्हा तपासला तेव्हा ९ कणांत फॉस्फेट, म्हणजे फॉस्फरस असलेलं संयुग, निघालं! डीएनए, हाडं, पेशींची आवरणं, सगळ्याला फॉस्फरस लागतो, आणि पृथ्वीबाहेरच्या समुद्रात तो पहिल्यांदाच सापडला. मला हे फार विलक्षण वाटतं, किती किलोमीटर बर्फाखालचं पाणी, आणि त्याची चव घ्यायला एकही भोक पाडावं लागलं नाही, रिंगमधून जाताना ते आपोआप येऊन यंत्रावर आपटत होतं.

२०२४ मध्ये युरोपियन स्पेस एजन्सीच्या तज्ज्ञ समितीने पुढच्या मोठ्या मोहिमेसाठी एन्सेलाडसचंच नाव पुढे केलं, उड्डाण २०४० च्या दशकात. मला वाटतं ते यान नुसतं जवळून जाऊन चालणार नाही, खाली उतरायला हवं, कारण वेगाने आपटल्यावर मोठे रेणू तुटतात आणि मुळात काय होतं ते त्या तुकड्यांवरून सांगणं अवघड जातं, भेगांच्या शेजारी पडलेला ताजा बर्फ मात्र सावकाश उचलून तपासता येईल.